दुडकीवर घोडा उडवतो कशाला?

फोंड्याच्या नाहीतर पर्वरीच्या एखाद्या नोकरदाराने चाळिशीत घोडेस्वारी शिकायला घेतली, की त्याला चहूकडून एकच सल्ला मिळतो : मांड्यांनी घट्ट धरून बस. घरचे सांगतात, शेजारी सांगतात, जन्मात घोड्याच्या पाठीला हात न लावलेलेही सांगतात. सोबत दुसरं वाक्य असतंच : या वयात आता कुठे जमणार! ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. का चुकीची, ते घोड्याच्या पायांकडे पाहिलं की कळतं, आणि ते इतकं सुंदर आहे की त्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

घोडा सावकाश चालतो तेव्हा त्याचे चार पाय एकामागून एक पडतात. टापांचे चार ठोके ऐकू येतात, दोन-तीन पाय सतत जमिनीवर असतात आणि पाठ संथ हलत राहते. नवख्याला वाटतं, जमलं. मग शिक्षक ‘ट्रॉट’ म्हणतात, म्हणजे दुडकी, आणि सगळं बिघडतं. दुडकीत पाय तिरप्या जोडीने पडतात : पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा. दोन जोड्यांच्या मध्ये क्षणभर चारही पाय हवेत असतात.

घोडा ही उड्यांची चाल पकडतो कशासाठी? चालताना जमिनीवरचा पाय ताठ असतो आणि शरीर त्याच्यावरून कमानीसारखं वळून पुढे जातं. शाळेत शिकलेली वर्तुळाकार गती आठवा. या कमानीवर शरीराला धरून ठेवतं ते फक्त गुरुत्वाकर्षण. वेग वाढला की लागणारं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं, गुरुत्वाकर्षण मात्र तेवढंच राहतं. वेगाच्या वर्गाला पायाची लांबी आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागलं, की फ्रूड अंक मिळतो. विल्यम फ्रूड या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अभियंत्याचं काम जहाजांवरचं, पण त्याच्या नावाचा हा अंक पायांनाही लागू पडतो. तो १ झाला की चालणं अशक्यच. प्राणी मात्र तिथवर थांबत नाहीत, अंक ०.५ च्या आसपास आला की चाल बदलतात. घोड्यासाठी हा वेग ताशी साधारण आठ किलोमीटर येतो. आपला पाय घोड्यापेक्षा आखूड, त्यामुळे आपण त्याच्या जरा आधी धावायला लागतो.

१९८१ साली हॉइट आणि टेलर या संशोधकांनी लहान घोड्यांना ट्रेडमिलवर चालवून त्यांचा प्राणवायूचा खर्च मोजला. प्रत्येक चालीचा एक स्वस्त वेग निघाला, आणि मोकळे सोडलेले घोडे आपणहून नेमके त्या वेगांच्या जवळपास चालत होते.

हा स्वस्तपणा येतो कंडरांमधून, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोरांमधून. घोड्याच्या पुढच्या पायाचा जो गुडघा आपण म्हणतो, ते खरं तर त्याचं मनगट. त्याच्या खाली स्नायू जवळजवळ नाहीतच, आहेत त्या लांबलचक कंडरा. पाय टेकला की त्या ताणल्या जातात, ऊर्जा साठवतात आणि पाय उचलताना नव्वद टक्क्यांहून जास्त परत करतात. उरलेली उष्णता होते. भरधाव धावताना कंडरेच्या गाभ्याचं तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत गेलेलं मोजलं आहे. अशा पायाकडे पाहून थक्क व्हायचं सोडून आपण त्याची नाल दारावर ठोकतो, शनीच्या भीतीने काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी घालतो. नाल असते खूर झिजू नये म्हणून. खूर आपल्या नखासारखा केराटिनचा, तो वाढत राहतो, म्हणून साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर कापावा लागतो. तिने शनी टळत नाही.

आता खोगिरावरच्या माणसाकडे येऊ. घोडा हवेत असतो तेव्हा तो मुक्तपणे पडणारी वस्तू असतो आणि त्याच्यावरचा माणूसही. दोघांचं त्वरण सारखंच, त्यामुळे दोघांमध्ये दाब शून्य. त्या क्षणी तुमचं खोगिरावर वजनच नसतं! मग टापा टेकतात, कंडरा ताणतात, पाठीचं खाली जाणं थांबतं. तुमचं थांबलेलं नसतं. पूर्ण आवर्तनातला सरासरी दाब तुमच्या वजनाइतकाच भरायला हवा. काही काळ तो शून्य होता, तर उरलेल्या काळात तो जास्त हवा. मोजमापात तो वजनाच्या जवळपास दुप्पट भरतो : ६५ किलोचा माणूस क्षणभर १३० किलोचा. हे सगळं सेकंदाला अडीच-तीन वेळा घडतं. त्यात तुम्ही थोडे मागे पडलात, तर पाठ वर निघालेली आणि तुम्ही खाली येताय अशी वेळ येते, दोन्ही वेग एकमेकांत मिळतात आणि कंबर शेकून निघते.

मांड्या आवळल्या की काय होतं? गुडघे वर सरकतात, टाचा उचलल्या जातात, घोड्याच्या गोल बरगड्यांवरून माणूस वर ढकलला जातो. वर खुब्याचे सांधे जखडतात. पाठीची ती काही सेंटीमीटरची वरखाली पचवायची जागा म्हणजे खुबे आणि कंबर. तीच बंद केली, तर अख्खं धड ठोकळ्यासारखं आदळणार, दुसरं काय!

मग लक्ष ठेवून दर धक्क्याला सावरायचं का? तेही जमत नाही. एक धक्का ०.३५ ते ०.४ सेकंदाचा. माणसाला काही पाहून हालचाल सुरू करायलाच ०.२ सेकंद लागतात, वर स्नायूंत जोर भरायला आणखी वेळ. तोवर पुढचा धक्का आलेला असतो. म्हणून शरीराने तो आधीच ओळखायचा असतो. हे काम मेंदूच्या मागच्या बाजूला असलेल्या अनुमस्तिष्काचं आणि ते चाळिशीत बंद पडत नाही. पन्नाशीत पोहायला शिकणारी माणसं आपण पाहतोच. प्रौढाला नडते ती भीती. घाबरलं की सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळतात आणि सांधा लाकूड होतो. म्हणून चांगले शिक्षक घोडा लांब दोरीवर गोल फिरवतात, लगाम हातात देत नाहीत, तोंडाने ‘एक-दोन’ मोजायला लावतात.

गोव्याच्या शिगम्यात सत्तरी-डिचोलीकडचा घोडेमोडणीचा नाच पाहिला असेल. तिथे लाकडी घोडा कंबरेलाच बांधलेला, ढोल-ताशावर माणूस उडतो तेव्हाच घोडाही उडतो, दोघांत फट पडत नाही. दुडकीवर पक्की मांड म्हणजे हेच, फक्त उडी घोड्याची असते.

खऱ्या घोड्यावर इतकी एकतानता यायला महिने लागतात. तोवरचा उपाय म्हणजे एका ठोक्याला बसायचं, पुढच्याला रिकिबीवर किंचित उठायचं. दोनपैकी एक आदळणं वाचतं आणि घोड्याच्या पाठीलाही उसंत मिळते. शर्यतीतले जॉकी तर बसतच नाहीत. १९०० च्या आसपास त्यांनी ही वाकून तोललेली बैठक स्वीकारली आणि शर्यतींच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्या. जॉकीचे पाय धक्के झेलतात, त्यामुळे घोड्याला त्याचं वजन दर उडीला वरखाली हलवावं लागत नाही, असं स्पष्टीकरण २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं.

हेल्मेटचं मात्र वेगळं सांगायला हवं, कारण किनाऱ्यावर घोड्यावर बसून फोटो काढणारे बहुतेक बोडक्या डोक्याने बसतात. घोड्यावर माणसाचं डोकं जमिनीपासून सुमारे सव्वादोन मीटरवर असतं. तिथून ते खाली येईपर्यंत वेग ताशी २४ किलोमीटर होतो, घोडा जागेवर उभा असला तरी. ओली वाळूही त्या वेगाला कठीणच. हेल्मेट घोडेस्वारीसाठी बनवलेलंच हवं, आणि एकदा जोरात आपटलं की बदलायचं.

गोल फिरताना कोणत्या ठोक्याला उठायचं, हा नवख्यांचा नेहमीचा प्रश्न. वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूचा पुढचा खांदा पुढे गेला की उठा, मागे आला की बसा. वर्तुळाची दिशा बदलली की एक ठोका जास्त बसून जोडी बदला. नाहीतर दर वेळी एकाच तिरप्या जोडीवर तुमचं वजन पडत राहील.