व्याधाजवळ पोहोचल्याचे यानाला कसे कळले?

नागपुरातील एका आंतरशालेय विज्ञानकथा स्पर्धेच्या वह्या मध्यंतरी माझ्याकडे तपासायला आल्या होत्या. त्यांतील नववीच्या एका विद्यार्थिनीच्या कथेत यान एका झेपेत सूर्यमालेतून थेट व्याध ताऱ्याजवळ जाते, यानातील ‘सारथी’ नावाची दिशादर्शन प्रणाली अकरा मिनिटे गप्प राहते आणि मग सांगते, ‘‘जीपीएस नाही, तरीही आपण व्याधाजवळच आहोत.’’ माझ्याआधी वही पाहिलेल्या परीक्षकांनी या वाक्याखाली लाल रेघ ओढून ‘कसे कळले?’ असे लिहिले होते आणि दोन गुण कापले होते. प्रश्न रास्त आहे. गुण कापणे मात्र मला पटले नाही, कारण झेप काल्पनिक असली तरी या प्रश्नाचे उत्तर आजच्या विज्ञानात आहे.

अवकाशात सगळीकडे जीपीएस चालते, असा समज मोठ्या माणसांतही आढळतो. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि त्यांचे संदेश पृथ्वीच्याच दिशेने सोडलेले असतात. मार्च २०२५ मध्ये ते क्षीण संदेश चंद्राच्या पृष्ठभागावरही पकडता आले. पण त्याहून दूर गेलेले यान कोठे आहे, हे आजही मुख्यतः पृथ्वीवरच्या मोठ्या अँटेनाच मोजतात. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा संदेशाला एका बाजूने सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती, म्हणून इंजिन पेटवण्याच्या आज्ञा यानात आधीच भरून ठेवाव्या लागल्या. व्याध तर ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. तेथून पृथ्वीला विचारले, तर उत्तर यायला सतरा वर्षे लागतील. सारथीला स्वतःचे ठिकाण स्वतःच शोधायला हवे.

नागपूरकरांना ही युक्ती समजवायला झिरो माईलसारखी जागा नाही. घोड्यांच्या पुतळ्यांशेजारच्या त्या षट्कोनी दगडी खांबावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा अशी गावांची नावे आणि मैलांतील अंतरे कोरलेली आहेत. खांबावरचे ‘नागपूर’ पुसले गेले, तरी त्या अंतरांवरून नकाशावर वर्तुळे काढून नागपूर शोधता येईल. १९७२ साली पायोनियर १० यानावर बसवलेल्या पट्टीवर शास्त्रज्ञांनी सूर्याचा पत्ता असाच कोरला. मध्यभागी सूर्य आणि त्याच्यापासून निघणाऱ्या १४ रेषा. प्रत्येक रेषेच्या टोकाला मात्र गावाऐवजी एक पल्सार.

पल्सार म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा. त्याच्या किरणांचा झोत दीपगृहाच्या दिव्यासारखा फिरतो आणि आपल्यावरून गेला की एक स्पंद नोंदला जातो. वृषभ राशीत दिसणाऱ्या क्रॅब तेजोमेघातला पल्सार सेकंदाला सुमारे तीस वेळा असा लुकलुकतो. (याच राशीतली रोहिणी आपल्यापासून सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर आहे आणि क्रॅब सुमारे ६,५०० प्रकाशवर्षांवर. शंभरपट अंतरावरच्या या दोन वस्तू केवळ पृथ्वीवरून एका दिशेला दिसतात म्हणून एका राशीत गणल्या जातात. अशा योगायोगावर मुलामुलींची लग्ने मोडली जातात, याचे मला मनापासून दुःख होते.)

दिशादर्शक प्रणालीकडे सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रापाशी, म्हणजे अवकाशातल्या झिरो माईलपाशी, कोणता स्पंद केव्हा पोहोचेल याचे वेळापत्रक असते. यान पल्सारच्या दिशेने ३०० किलोमीटर सरकले, तर स्पंद वेळापत्रकापेक्षा एक मिलिसेकंद आधी येतो. एका पल्सारवरून एकाच दिशेतले अंतर कळते, वेगवेगळ्या दिशांच्या तीन पल्सारवरून अवकाशातला बिंदू मिळतो आणि यानाच्या घड्याळातली चूक पकडण्यासाठी चौथा लागतो. अडचण अशी की सगळे स्पंद सारखेच दिसतात. क्रॅबच्या दोन स्पंदांमधल्या वेळेत प्रकाश सुमारे १०,००० किलोमीटर जातो. त्यामुळे आपण नेमके अमुक ठिकाणी आहोत की १०,००० किलोमीटर पुढे, हे त्या एका पल्सारवरून ठरत नाही. मग वेगवेगळ्या आवर्तकालांचे (दोन स्पंदांमधल्या वेळेचे) आणखी पल्सार घेऊन सगळ्यांची वेळापत्रके एकाच वेळी कोठे जुळतात, ते शोधावे लागते.

यानाने प्रकाशवर्षांची झेप घेतली असेल, तर याहून सुंदर गोष्ट घडते. क्रॅबचे फिरणे दररोज मंदावते आणि त्याचा आवर्तकाल दिवसाला सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी वाढतो. व्याधाजवळचे यान आपल्यापेक्षा क्रॅबच्या सुमारे सहा प्रकाशवर्षे जवळ असेल. म्हणजे पृथ्वीवर सहा वर्षांनी पोहोचणारे स्पंद त्याला आजच मिळतील आणि त्यांचा आवर्तकाल पृथ्वीवर मोजल्यापेक्षा सुमारे ८० मायक्रोसेकंदांनी मोठा भरेल. यानाच्या वेगामुळेही, डॉप्लर परिणामाने, आवर्तकाल बदलतो. पण तो बदल एका दिशेच्या सर्व पल्सारसाठी एकाच प्रमाणात असतो, तर मंदावण्याचा दर प्रत्येक पल्सारचा वेगळा असतो, म्हणून अनेक समीकरणे एकत्र सोडवून हे दोन्ही परिणाम वेगळे काढता येतात. मिलिसेकंदांत फिरणारे जुने पल्सार मात्र इतके सावकाश मंदावतात की ते घड्याळाचे काम करतात, तर क्रॅबसारखे तरुण पल्सार दिनदर्शिकेचे. सारथीजवळ नुसता नकाशा असून भागणार नाही, पंचांगही हवे, आणि ते प्रत्येक ठिकाणासाठी निराळे.

उत्तराची पडताळणी डोळ्यांनीही करता येईल. व्याधाजवळून मागे पाहिले, तर साधारण अभिजित आणि श्रवण यांच्या बाजूला दुसऱ्या प्रतीचा, म्हणजे साधारण ध्रुवताऱ्याइतका तेजस्वी, एक जादा तारा दिसेल. तो आपला सूर्य.

झेप वगळता यातले बरेचसे करून पाहिले गेले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या नायसर या एक्स-किरण दुर्बिणीने मिलिसेकंद पल्सारच्या स्पंदांवरून स्थानकाची जागा काढली, आणि आठ तासांच्या आत ती सुमारे १६ किलोमीटरच्या मर्यादेत आली. आठ तास लागण्याचे कारण साधे आहे. या पल्सारांकडून येणारे एक्स-किरणांचे फोटॉन इतके तुरळक असतात, की स्पंदाचा आकार उमटायला ते एकेक करून वेळेनुसार रचत बसावे लागते. त्या मुलीच्या सारथीने बोलण्याआधी घेतलेली अकरा मिनिटे म्हणूनच मला तिच्या कथेतली सर्वांत खरी जागा वाटली. मी कापलेले दोन गुण परत दिले आणि लाल रेघेशेजारी लिहिले, ‘पल्सारवरून कळले, पण सारथीला अजून थोडा वेळ गप्प राहू दे.’