ध्यानयोग : खान्देशातील परंपरा आणि साधना

चित्त एका आलंबनावर स्थिर करत नेऊन आत्मस्वरूपाची ओळख करून घेण्याची साधना म्हणजे ध्यानयोग. पतंजलींच्या योगसूत्रांत तिची शास्त्रशुद्ध मांडणी आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायाने ती घरसंसार सांभाळणाऱ्याच्या आवाक्यात आणली. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे म्हणजे आजचा खान्देश. जुन्या खान्देशात बऱ्हाणपूरचाही समावेश होत असे. सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगररांगेपर्यंतच्या या तापीखोऱ्यात नाथपंथी, वारकरी, बौद्ध, जैन आणि अद्वैती असे साधनेचे अनेक प्रवाह येऊन मिळाले. आसन किती वेळ जमते किंवा कोणती सिद्धी मिळाली, याला इथल्या परंपरेत फारसे महत्त्व नाही. माणसांत वावरताना मन कसे राहते, यावरून योगी ओळखावा, ही शिकवण इथे पुन्हा पुन्हा भेटते, आणि ध्यानाकडे वळणाऱ्या कोणालाही ती आजही उपयोगी आहे.

तात्त्विक बैठक

योगसूत्रे चार पादांत विभागली आहेत : समाधी, साधन, विभूती आणि कैवल्य. एकूण सूत्रे १९५, काही पाठांत १९६. दुसऱ्याच सूत्रात योगाची व्याख्या येते : चित्ताच्या वृत्तींचा निरोध म्हणजे योग. वृत्ती पाच सांगितल्या आहेत : प्रमाण (खरे ज्ञान), विपर्यय (चुकीचे ज्ञान), विकल्प (नुसत्या शब्दांवर उभी कल्पना), निद्रा आणि स्मृती. यात खऱ्या ज्ञानाचाही समावेश आहे, हे अनेकांच्या नजरेतून सुटते. चुकीचे विचार काढून चांगले विचार भरणे एवढाच योगाचा हेतू असता, तर प्रमाणाला वृत्तींच्या यादीत घालायचे कारण नव्हते. वृत्ती शमल्या की पाहणारा, म्हणजे पुरुष, आपल्या मूळ रूपात राहतो. एरवी तो वृत्तींशी एकरूप होऊन ‘मी रागावलो’, ‘मी हरलो’ असे म्हणत असतो. ही मांडणी सांख्य दर्शनाच्या पुरुष-प्रकृती विचारावर, म्हणजे पाहणारा वेगळा आणि दिसणारी सृष्टी वेगळी या विचारावर, उभी आहे.

यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी ही आठ अंगे सर्वांना ठाऊक असतात. आज योग म्हटले की आसने डोळ्यांपुढे येतात, पण पतंजलींनी आसनावर जेमतेम तीन सूत्रे खर्च केली आहेत, आणि ‘स्थिर व सुखकर बैठक’ एवढीच त्यांची अपेक्षा आहे. चित्त एका जागी बांधणे ही धारणा, तोच प्रत्यय, म्हणजे तीच जाणीव, अखंड वाहू लागला की ध्यान, आणि ध्यान करणाऱ्याचे वेगळेपणही विरले की समाधी. ही तिन्ही अंगे मिळून संयम होतो. संयमातून नाना सिद्धी मिळतात असे विभूतिपाद सांगतो, आणि लगेच बजावतो की बाहेर वळलेल्या चित्ताला या सिद्धी वाटत असल्या, तरी समाधीच्या वाटेवर त्या अडथळेच आहेत. खान्देशातील सर्वांत प्रसिद्ध योगकथेचा गाभा याच सूत्रात आहे.

चांगदेव आणि मुक्ताई

मुक्ताईनगर तालुक्यात तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव नावाचे गाव आहे. तिथले दगडी मंदिर योगी चांगदेवांच्या नावाने ओळखले जाते, आणि त्यांनी याच काठावर तप केले अशी परंपरा आहे. योगबळाने काळाला चुकवून ते चौदाशे वर्षे जगले, असे कथा सांगते. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहायला बसले, तेव्हा मायना काय लिहावा हेच त्यांना सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद द्यावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार लिहावा? शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताई म्हणाली, की चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला. त्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले. तीच चांगदेव पासष्टी. पाहणारा, दिसणारे आणि पाहणे ही तिन्ही मुळात एकच आहेत, हा अद्वैताचा विचार तिच्यात आहे. पुढे चांगदेवांनी मुक्ताईला गुरू केले.

या कथेत ऐतिहासिक किती आणि रचलेले किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी लोकांनी ती सातशे वर्षे का जपली हे समजून घेण्यासारखे आहे. ज्याच्याजवळ सगळ्या सिद्धी आहेत तो मायन्यात अडतो, कारण ‘मी मोठा की समोरचा’ हे त्याच्या मनातून गेलेले नाही. योगसूत्रे या गाठीला अस्मिता म्हणतात आणि पाच क्लेशांत अविद्येच्या लगेच नंतर तिची गणना करतात. ती सुटावी म्हणून हा थोर योगी एका अल्पवयीन मुलीचा शिष्य झाला. कथेचा खरा विजय या शिष्यत्वात आहे, वाघ आणि भिंत यांच्या चमत्कारात तो शोधू नये.

मुक्ताईची योगाची व्याख्या ताटीच्या अभंगांत आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभी राहून तिने त्यांना विनवले. त्यातली ‘योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा’ ही ओळ खान्देशातल्या कीर्तनांत आजही हमखास ऐकू येते. दार लावून डोळे मिटणाऱ्याला ध्यान साधेलही; पण लोकांचे अपराध सोसता आले नाहीत, तर मुक्ताईच्या लेखी तो अजून योगी झालेला नसतो.

ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर भावंडे यात्रेला निघाली. परंपरेनुसार वैशाख वद्य दशमी, शके १२१९ (इ. स. १२९७) या दिवशी तापीकाठी मेहुण येथे वीज कडाडली आणि मुक्ताई अंतर्धान पावली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मेहुण आणि कोथळी या दोन्ही ठिकाणी तिची मंदिरे आहेत. महाशिवरात्रीला इथे चांगदेव-मुक्ताईची यात्रा भरते, आणि आषाढीसाठी निघणारी मुक्ताईची पालखी महिन्याहून अधिक काळ चालून पंढरपूरला पोहोचते. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले तेही तिच्याच नावावरून.

इथे एक खुलासा हवा. चाळीसगावजवळच्या पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात ज्या चांगदेवाचा उल्लेख आहे, तो भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापणारा तो ज्योतिषी होता, योगी चांगदेवांशी त्याचा संबंध नाही. दोघांचे चरित्र एकत्र करण्याची चूक बऱ्याचदा होते.

नाथपंथ आणि अजिंठा

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ हे सातपुड्यातले पठार १,१०० मीटरांहून उंच आहे. तिथे गोरखनाथांचे मंदिर आणि मच्छिंद्रनाथांची म्हणून दाखवली जाणारी गुहा आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला महाराष्ट्रासह गुजरात आणि मध्य प्रदेशातून, विशेषतः आदिवासी पाड्यांतून, माणसे चढून येतात. नाथांचा हठयोग इडा, पिंगला, सुषुम्ना या नाड्या आणि चक्रे यांच्या भाषेत बोलतो. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून भावंडांना हीच विद्या मिळाली. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे सविस्तर वर्णन आहे आणि या मार्गाला ‘पंथराज’ म्हटले आहे. मात्र बाराव्या अध्यायात तोच मार्ग किती खडतर आहे हे सांगून ज्ञानेश्वर भक्तीची सोपी वाट पुढे ठेवतात. खान्देशातले सामान्य साधक याच वाटेने गेले.

अजिंठ्याची लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडत असली, तरी त्यांच्या पायथ्याची वाघूर नदी खाली जळगाव जिल्ह्यात उतरून तापीला मिळते. चित्रे पाहून लोक परततात, आणि बाराव्या लेण्याकडे फारसे कोणी थांबत नाही. ज्याला ध्यानाविषयी आस्था आहे त्याने तिथे जरूर थांबावे. चौकोनी दालनाच्या तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या, प्रत्येक खोलीत खडकातच कोरलेले दोन ओटे, उशाकडची बाजू थोडी उंच. एवढ्या जागेत दोन भिक्खू राहत. पावसाळ्यात फिरणे थांबवून एका ठिकाणी राहण्याचा वर्षावास ते पाळत. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना बौद्ध साधनेत ब्रह्मविहार म्हणून शिकवल्या जातात, आणि चित्त प्रसन्न ठेवण्याचा उपाय म्हणून पतंजलींनी समाधिपादात याच चार जशाच्या तशा दिल्या आहेत. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी आनंद, अपुण्यवंताविषयी उपेक्षा. भाऊबंदकी आणि बांधावरची भांडणे पाहिलेल्या माणसाला यातली पहिलीच पायरी किती अवघड आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

धुळ्याचा तुरुंग, १९३२

खान्देशाने ध्यानयोगाच्या विचारात घातलेली आधुनिक काळातली सर्वांत मोठी भर एका तुरुंगात जन्मली. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी सहबंद्यांपुढे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती बोलली जात असतानाच टिपून घेतली, म्हणून ती आज आपल्याला वाचायला मिळतात.

ध्यानयोगावरचे सहावे प्रवचन २७ मार्चचे. त्यात विनोबा तीन गोष्टी मागतात : चित्ताची एकाग्रता, एकाग्रतेला पोषक अशी जीवनाची परिमितता आणि समदृष्टी. या तिन्हींना अभ्यास आणि वैराग्य यांची जोड हवी. एकाग्रतेसाठी लोक नाकाच्या शेंड्यावर नजर लावतात आणि दिवसाचा बाकीचा वेळ डोळे, कान, जीभ मोकाट सोडतात. विनोबा या उलट टोकाकडून सुरुवात करतात. खाणे, झोप, बोलणे, पाहणे मोजके असेल, तर बसल्यावर मन आवरायला वेगळा झगडा करावा लागत नाही. गीतेतला युक्त आहार-विहाराचा श्लोक ते असा रोजच्या व्यवहारात उतरवतात. समदृष्टीचा त्यांचा अर्थ आणखी खोल आहे. भोवतालची सृष्टी मंगल आहे असे वाटल्याशिवाय चित्त निवांत होणार नाही. जिकडेतिकडे शत्रू दिसत असतील, तर मन सतत पहाऱ्यावर राहणार. परक्या सरकारच्या गजांआड, शिक्षा भोगणाऱ्या माणसांना हे सांगितले जात होते हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते. मुक्ताईने ताटीबाहेरून जे मागितले, तेच इथे दुसऱ्या शब्दांत आले आहे.

अमळनेरला बोरीकाठी सखाराम महाराजांच्या वारकरी संस्थानाशेजारी नांदणारी दुसरी परंपरा तत्त्वचिंतनाची आहे. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. शांकर अद्वैताचा अभ्यास हा त्याचा मुख्य हेतू. कृष्णचंद्र भट्टाचार्य हे नामवंत तत्त्वज्ञ काही काळ त्याचे संचालक होते, घ. रा. मलकानी यांनी दीर्घकाळ तिथे काम केले, आणि साने गुरुजीही शिक्षक होण्याआधी तिथे अभ्यासक म्हणून राहिले. एका तालुक्याच्या गावात असे पीठ उभे राहणे ही खान्देशाने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे.

गावातली साधना

योगसूत्रांचे नावही न ऐकलेल्या माणसांनी धारणा कशी सांभाळली, हे अखंड हरिनाम सप्ताहात पाहायला मिळते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही हा नियम. गावकरी पहारे वाटून घेतात. कीर्तनाची गर्दी ओसरल्यावर रात्री दोन ते चारचा पहारा ज्याच्या वाट्याला येतो, तो विणेकरी मंडपात जवळजवळ एकटा असतो. सतरंजीवर दोघे-तिघे पांघरूण ओढून झोपलेले, समईची वात खाली गेलेली, आणि तो वीणा गळ्यात अडकवून ‘रामकृष्णहरी’ म्हणत उभा. पहिला अर्धा तास झोपेशी झगडण्यात जातो. मग पाय, झोप, घड्याळ मागे पडतात आणि तारेचा एकच सूर उरतो. पहारा बदलायला येणारा समोर उभा राहून पाया पडतो तेव्हा कुठे भान येते. याला कोणी ध्यान म्हणत नाही, पण प्रत्यय अखंड वाहणे ही पतंजलींची कसोटी इथे लागू पडते.

घरी चालतो तो जप. १०८ मण्यांची तुळशीची माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर घेऊन अंगठ्याने एकेक मणी आत ओढतात; तर्जनी लागू देत नाहीत. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ तिथूनच उलटी फिरवायची. मोठ्याने, मग ओठांतल्या ओठांत आणि शेवटी मनातल्या मनात असा जपाचा क्रम आहे. जैन घरांतून सामायिक पाळले जाते : ४८ मिनिटे एका बैठकीवर समभावात राहायचे.

मनाच्या चंचलतेवर खान्देशात बोलणे निघाले की बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे नाव येणारच. असोद्याच्या या निरक्षर शेतकरी बाईने मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या वढाळ गुराची उपमा दिली. कितीही हाकला, ते फिरून पिकातच येते. गीतेत अर्जुन हीच तक्रार करतो आणि कृष्ण अभ्यास व वैराग्य हे उत्तर देतो. पिकात शिरलेले ढोर राखणदार न कंटाळता पुन्हा पुन्हा हाकलतो. अभ्यासही तितकाच साधा आणि तितकाच चिवट असावा लागतो. दीर्घकाळ, खंड न पडू देता आणि आदराने केलेला अभ्यासच पक्का होतो, असे योगसूत्रही सांगते.

साधनेविषयी काही सूचना

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा पहाटेची वेळ सोडली तर बसणे कठीण. धाब्याच्या घराच्या छतावर किंवा गच्चीवर सूर्योदयापूर्वी बसणे इथल्या हवेला मानवते. पण रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी भरून पहाटे घरी आलेल्या शेतकऱ्याला पहाटेची सक्ती करू नये. त्याने झोप घ्यावी आणि सायंकाळी हरिपाठाला बसावे. युक्त निद्रा हीही योगाचीच अट आहे. पाठ ताठ ठेवून खुर्चीवर बसले तरी चालते. श्वास रोखून धरण्याचे प्रकार, विशेषतः रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी, जाणत्याखेरीज करू नयेत. गंभीर नैराश्य किंवा इतर मानसिक आजार असेल, तर डॉक्टरांचे उपचार चालू ठेवावेत. ध्यानाच्या भरवशावर गोळ्या बंद केल्याने नुकसान होते. व्याधी हा तर पतंजलींनी सांगितलेल्या नऊ अंतरायांतला, म्हणजे साधनेतल्या अडथळ्यांतला, पहिलाच आहे.

धुळ्याजवळ धम्म सरोवर हे विपश्यनेचे केंद्र आहे. या पद्धतीच्या दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळतात, पहिले तीन दिवस केवळ येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहतात आणि चौथ्या दिवसापासून शरीरातील संवेदना तटस्थपणे पाहायला शिकतात. २०१५ पासून २१ जूनला शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर योगदिन होतो. त्यात आसनांवर भर असतो, यम-नियमांना फारसा वेळ मिळत नाही. याच सुमारास मुक्ताईची पालखी मराठवाड्याच्या वाटेवर असते, आणि दिंडीतल्या बाया हरिपाठ म्हणत चालत असतात.