मॅटर (स्मार्ट घरासाठीचे सामाईक मानक)

मॅटर हे घरातील दिवे, स्विच, पंखे, कुलपे, सेन्सर यांसारख्या स्मार्ट उपकरणांना एकमेकांशी जोडणारे सामाईक मानक आहे. उपकरण कोणत्याही कंपनीचे असो, ते घरातल्या कोणत्याही फोनवरून चालावे आणि इंटरनेट बंद पडले तरी घरातल्या घरात आज्ञा पाळावी, हा त्यामागचा हेतू. मानकाची जबाबदारी कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स या संघटनेकडे आहे. पहिली आवृत्ती ४ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रसिद्ध झाली. या नोंदीत मानकाची ओळख करून देताना पुण्यातील घरांत ते बसवायचे तर कशाकडे लक्ष द्यावे लागते, यावर भर दिला आहे.

पार्श्वभूमी

मॅटर येण्यापूर्वी झिगबी, झेड-वेव्ह, वाय-फाय, ब्लूटूथ अशा बिनतारी जोडणीच्या पद्धतींचे प्रत्येकीचे स्वतंत्र संसार होते. हॉलमधले दिवे एका कंपनीचे, गीझरचा प्लग दुसऱ्या, दाराचे कुलूप तिसऱ्या. म्हणजे ॲपही तीन, पासवर्डही तीन. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की यातली बरीच उपकरणे कंपनीच्या परदेशातल्या सर्व्हरला विचारल्याशिवाय हलत नसत. कंपनीने सेवा गुंडाळली की भिंतीतला चांगला चालणारा स्विच निम्मा निकामी होई. दर दोन-तीन वर्षांनी फोन बदलता येतो. फ्लॅटचे वायरिंग मात्र फर्निचर करताना एकदा होते आणि पुढची पंधरा-वीस वर्षे कोणी त्याला हात लावत नाही. म्हणून भिंतीत जाणारी वस्तू एका कंपनीच्या मर्जीवर असणे हे ग्राहकाच्या दृष्टीने फार वाईट. मॅटरचे खरे मोल इथे आहे.

ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिगबी मानक सांभाळणारी झिगबी अलायन्स ही संघटना यांनी १८ डिसेंबर २०१९ रोजी ‘प्रोजेक्ट कनेक्टेड होम ओव्हर आयपी’ या नावाने एकत्र काम करण्याचे जाहीर केले. मे २०२१ मध्ये प्रकल्पाला मॅटर हे नाव मिळाले आणि झिगबी अलायन्सचेही नाव बदलून कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स झाले. मानकाचा मूळ आज्ञावलीसंच मुक्तस्रोत म्हणजे कोणालाही पाहता-वापरता येणारा असून अपाची परवान्याखाली उपलब्ध आहे.

रचना

मॅटर म्हणजे नवीन प्रकारचा रेडिओ नव्हे. दुकानात बरेचदा ‘वाय-फायवाला घेऊ की मॅटरवाला’ असा प्रश्न ऐकू येतो, पण हे दोन पर्याय एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. मॅटर ही उपकरणांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत आहे. ती आयपीव्ही६ या इंटरनेट पत्तापद्धतीवर चालते, आणि तिच्याखाली वाय-फाय, इथरनेट केबल किंवा थ्रेड (कमी विजेवर चालणारे बिनतारी नेटवर्क) यांपैकी काहीही असू शकते. ब्लूटूथ लो एनर्जीचा मुख्य उपयोग पहिल्या जोडणीपुरता. घरातल्या उपकरणांना एकमेकांशी बोलण्यासाठी इंटरनेट कंपनीने आयपीव्ही६ पत्ता द्यायलाच हवा असे नाही, घराच्या आतले स्थानिक पत्ते पुरतात. मात्र फोन राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर असेल, तर बहुधा उपकरण सापडणारच नाही. अशी नेटवर्के आतल्या उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवतात.

प्रत्येक उपकरणाला मॅटरमध्ये ‘नोड’ म्हणतात. नोडमध्ये एक वा अनेक ‘एंडपॉइंट’ असतात आणि प्रत्येक एंडपॉइंटवर ‘क्लस्टर’ म्हणजे ठरावीक कामांचे गट. चार बटणांच्या बोर्डामागे बसवलेले मॉड्यूल, म्हणजे साध्या बटणांना स्मार्ट करणारी छोटी डबी, हा एक नोड. त्यातली ट्यूबलाइट, पंखा, झिरोचा बल्ब आणि बाल्कनीचा दिवा यांचे चार एंडपॉइंट, आणि प्रत्येकावर चालू-बंद करण्याचा क्लस्टर. ही मांडणी सगळ्या कंपन्यांना सारखीच पाळावी लागते, म्हणून अनोळखी कंपनीचे मॉड्यूलही ॲपला लगेच समजते.

याच चालू-बंद क्लस्टरमध्ये दिव्यांसाठी एक छोटी सोय आहे, ती आपल्याकडे फार कामाची. लाइट जाऊन परत आल्यावर दिवा लागावा, बंद राहावा की आधी होता त्या स्थितीत यावा, हे तिथे ठरवता येते. ते ठरवले नाही, तर पावसाळ्यात रात्री तीन वाजता वीज परत येते आणि बेडरूममधला दिवा लख्ख पेटून सगळ्यांची झोप मोडते. उपकरण ही सोय देते का आणि ॲपमध्ये ती दिसते का, हे घेण्यापूर्वी पाहावे.

पहिली जोडणी

उपकरणावर किंवा त्याच्या खोक्यावर क्यूआर कोड आणि ११ अंकी आकडा छापलेला असतो. फोनने कोड वाचला की ब्लूटूथवरून उपकरणाशी सुरक्षित संपर्क होतो. मग ॲप उपकरणाचे डिजिटल प्रमाणपत्र तपासते. कारखान्यात बसवलेल्या या प्रमाणपत्रावरून वस्तू अस्सल व प्रमाणित आहे की नाही हे कळते. प्रमाणित उत्पादनांची नोंद एका सामाईक वितरित खतावणीत, म्हणजे अनेक ठिकाणी एकसारख्या ठेवलेल्या डिजिटल नोंदवहीत ठेवलेली असते. तपासणी पार पडली की उपकरणाला वाय-फायचा पासवर्ड किंवा थ्रेडची ओळख दिली जाते आणि त्या घरापुरते नवे प्रमाणपत्र मिळते. अशा एका विश्वासमंडळाला ‘फॅब्रिक’ म्हणतात.

एकच उपकरण एकाच वेळी अनेक फॅब्रिकमध्ये राहू शकते. किमान पाचांची सोय देणे बंधनकारक आहे. म्हणजे सुनेचा आयफोन, सासूबाईंचा अँड्रॉइड आणि हॉलमधला बोलका स्पीकर, तिघांनाही तोच दिवा स्वतंत्रपणे चालवता येतो. सगळ्या घराने एकाच कंपनीचे फोन घ्यावेत ही सक्ती त्यामुळे उरत नाही. एकत्र कुटुंबात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पुण्यातील घरे आणि बसवणूक

आपल्याकडे दिवा भिंतीवरच्या बटणाने बंद करायची सवय पक्की आहे. स्मार्ट बल्बचा वीजपुरवठाच बटणाने तोडला, तर बल्ब नेटवर्कवरून नाहीसा होतो आणि फोनवर ‘उपकरण उपलब्ध नाही’ एवढेच दिसते. त्यामुळे पुण्यातल्या फ्लॅटमध्ये स्मार्ट बल्बपेक्षा बोर्डामागे बसणारे मॉड्यूल अधिक शहाणपणाचे. बटण पूर्वीसारखेच दाबता येते आणि आजी-आजोबांना काही नवीन शिकावे लागत नाही.

मॉड्यूलला स्वतः चालू राहायला बहुधा न्यूट्रल वायर लागते. ज्या बोर्डावर प्लगचे सॉकेट असते तिथे न्यूट्रल आलेलीच असते. पलंगाशेजारच्या किंवा जिन्यातल्या नुसत्या बटणांच्या बोर्डात ती नसण्याची शक्यता जास्त. नवे घर घेताना किंवा फर्निचर करताना वायरमनला प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आणायला सांगितले, तर खर्च थोडाच वाढतो. नंतर भिंत फोडायची म्हटले की तोच कितीतरी पट होतो. गीझरचाही हिशेब करावा. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतो, त्यामुळे १० अँपिअरचे मॉड्यूल सतत काठावर चालते. तिथे १६ अँपिअरचेच घ्यावे. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत बोर्ड, प्लेट, वायर सगळे मिळते. खरेदीआधी मॉड्यूलच्या जाडीला पुरेल एवढी खोल पेटी भिंतीत आहे का, हे मोजून गेलेले बरे.

क्यूआर कोडचे चिकटपत्र बरेचदा मॉड्यूलच्या अंगावर असते, आणि मॉड्यूल बोर्डामागे गेले की ते दिसेनासे होते. बसवण्यापूर्वी त्याचा फोटो काढून कोणत्या खोलीतले कोणते हे लिहून ठेवावे.

परदेशातले नातेवाईक हौसेने उपकरणे घेऊन येतात. मॅटरचे चिन्ह व्होल्टेजबद्दल काहीच सांगत नाही. अमेरिकेतला केवळ १२० व्होल्टचा प्लग किंवा बल्ब आपल्या २३० व्होल्टवर लावला, तर जळणार. भारतात विकल्या जाणाऱ्या बिनतारी उपकरणांना दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता लागते. तीही मॅटरच्या प्रमाणपत्रापेक्षा वेगळी. महावितरणच्या स्मार्ट मीटरचा मॅटरशी संबंध नाही.

थ्रेड

थ्रेड हे कमी विजेवर चालणारे जाळीदार नेटवर्क असून ते २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात सेकंदाला २५० किलोबिट वेगाने चालते. वेग फार नाही, पण दिवा लावायला तेवढा भरपूर. थेट विजेवरची थ्रेड उपकरणे संदेश पुढे पोचवतात. सेलवरची दार-सेन्सरसारखी उपकरणे बहुतेक वेळ झोपून असतात. एका जाळ्यात संदेश पुढे पोचवणारे ३२ पर्यंत सक्रिय राउटर असू शकतात. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत किंवा बाणेर-वाकडच्या आरसीसी इमारतींत एका राउटरचा सिग्नल टोकाच्या खोलीपर्यंत पोचत नाही, तिथे ही साखळी उपयोगी पडते. पण मधला स्मार्ट प्लग कोणी बटणाने बंद केला, तर साखळीतला एक दुवा निखळतो.

थ्रेडला घरच्या नेटवर्कशी जोडायला ‘बॉर्डर राउटर’ लागतो. काही स्पीकर, टीव्हीचे बॉक्स आणि राउटर यांत तो असतो. सुरुवातीला वेगवेगळ्या कंपन्यांचे बॉर्डर राउटर एकाच घरात आपापली निराळी जाळी उभी करत. सप्टेंबर २०२४ मधल्या थ्रेड १.४ ने जाळ्यात शिरण्याची ओळखपत्रे आपसात वाटून घेण्याची एकसारखी पद्धत आणली. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे असतील, तर वाय-फाय राउटर आणि बॉर्डर राउटरही त्याच जोडणीवर घ्यावेत, नाहीतर लाइट गेल्यावर दिवे जळतात पण ऐकत नाहीत.

मॅटर आणि थ्रेड दोन्ही चालवणाऱ्या चिपांमध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी३२ मालिकेतील काही चिपा प्रसिद्ध आहेत. या कंपनीचे भारतातील कार्यालय पुण्यात आहे.

आवृत्त्या आणि मर्यादा

पहिल्या आवृत्तीत दिवे, प्लग, कुलपे, पडदे, सेन्सर अशी मोजकी उपकरणे होती. ऑक्टोबर २०२३ च्या १.२ मध्ये फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन, पंखे आले. मे २०२४ च्या १.३ मध्ये विजेच्या वापराची मोजणी आणि पाण्याशी संबंधित उपकरणे. नोव्हेंबर २०२४ च्या १.४ मध्ये सौर पॅनेल, बॅटऱ्या व वॉटर हीटर यांची भर पडली. कॅमेऱ्यांना मात्र नोव्हेंबर २०२५ च्या १.५ पर्यंत थांबावे लागले.

मानकात एखादा प्रकार आला म्हणून तो आपल्या ॲपमध्ये लगेच चालतोच असे नाही. ॲपवाल्या कंपन्या मागून येतात आणि कधी बरेच मागून. पंख्यावरच्या दिव्याचे रंग किंवा खास वेगांसारख्या कंपनीच्या स्वतःच्या करामती अनेकदा तिच्याच ॲपमध्ये राहतात. कोथरूडच्या घरातला दिवा अमेरिकेतून मुलाने लावायचा, तर ते काम मॅटर करत नाही. ती सोय त्या त्या कंपनीच्या सेवेची. मराठीत दिलेली आज्ञा समजणे हेही तसेच. जुनी झिगबी उपकरणे टाकून द्यावी लागत नाहीत. त्यांच्या हबला, म्हणजे ती जोडणाऱ्या मध्यवर्ती पेटीला, ‘ब्रिज’ म्हणून मॅटरची जोड मिळाली असेल, तर ती आहेत तशी नव्या व्यवस्थेत दिसतात.

फ्लॅट विकताना किंवा भाडेकरू बदलताना फोनमधून ॲप काढून टाकणे पुरेसे नसते. उपकरण जितक्या फॅब्रिकमध्ये आहे तितक्यांमधून ते काढावे लागते, किंवा त्यावरचे बटण दाबून मूळ स्थितीत आणावे लागते. नव्या राहणाऱ्याला कोडांचे फोटो किल्ल्यांबरोबरच द्यावेत. कोड हरवला, तर चालू असलेले मॉड्यूलही त्याला आपल्या फोनशी जोडता येत नाही.