किर्या : पुस्तकाआधीची नक्षी

फिनलंडमधले भाषाभ्यासक प्रमाणभाषेला 'किर्याकिएली' म्हणतात. शब्द जोडून झालेला आहे. 'किएली' म्हणजे जीभ आणि तिच्यावरून भाषा; 'कान्तेले' या तंतुवाद्याच्या तारेलाही हाच शब्द आहे. 'किर्या' म्हणजे पुस्तक. पुस्तकी भाषा, असा अर्थ लागतो आणि आपण पुढे जातो. पण 'किर्या' हा शब्द पुस्तकांहून कितीतरी जुना आहे.

'किर्यावा' म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे, रंगीबेरंगी. 'किर्योआ' म्हणजे भरतकाम करणे. फिनिशची बहीण एस्टोनियन; तिच्यात 'किरी' म्हणजे पत्र, आणि लोकरी हातमोज्यांवर विणलेली नक्षीही 'किरी'च. लोकगीतांत तारांगणाला 'किर्योकान्सी', म्हणजे नक्षीदार झाकण म्हटले आहे. मला हा शब्द फार सुंदर वाटतो. हे सारे शब्द शेजारी ठेवले की मूळ अर्थ उघड होतो : खूण, ठिपका, नक्षी. पुढे लिपी आली तेव्हा अक्षरांच्या ओळींनाही तेच नाव मिळाले. मग ते लिहिलेल्या कागदाला लागले. खरेदीखताला आजही 'काउप्पाकिर्या' म्हणतात. त्यानंतर पुस्तकाला. १५४३च्या सुमारास मिकाएल आग्रिकोला यांनी फिनिशमधले पहिले छापील पुस्तक काढले. ते मुळाक्षरांचे होते आणि त्याच्या नावात 'किरिया' होताच.

लिहिण्याला नाव देताना बऱ्याच भाषा ओरखड्याकडे वळल्या. संस्कृत 'लिख्', ग्रीक 'ग्राफो', लॅटिन 'स्क्रिबो' या सगळ्यांचा जुना अर्थ कोरणे, ओरखडणे. आपले 'लिहिणे' त्यातलेच.

नक्षीकडून लिहिण्याकडे येणारी फिनिश मात्र एकटी नाही. रशियनमध्ये 'पिसात्' म्हणजे लिहिणे आणि चित्र रंगवणेही; त्याच मुळातून 'प्योस्त्री', रंगीबेरंगी. फिनिश आणि रशियन यांची कुळे वेगळी, धातू वेगळे, तरी अर्थाचा प्रवास तोच. रशियन शब्दाचे भावंड संस्कृतात आहे : 'पिश्', सजवणे, आणि त्यावरून 'पेशस्', अलंकार. प्राचीन फारसीने या धातूला 'नि' उपसर्ग लावून लिहिण्याचा अर्थ घेतला. त्यातून पुढे 'नवीस', म्हणजे लिहिणारा, हा शब्द घडला. दफ्तरांच्या कारभारातून तो मराठीत आला : याद्या ठेवणारा फर्दनवीस झाला फडणवीस, आणि पत्रव्यवहार सांभाळणारा चिठ्ठीनवीस झाला चिटणीस.