डोकेदुखीचं निमित्त सांगून कुणाला आणू नका
(पहिल्या भेटीची वेळ घेण्याआधी घरच्यांनी वाचायचं पत्रक)

आमच्या मानसोपचाराच्या क्लिनिकमध्ये वेळ घेण्यासाठी येणारे बरेचसे फोन ज्याला त्रास होतोय त्याचे नसतात. आईचा असतो, बायकोचा असतो, थोरल्या भावाचा असतो, कधी सासऱ्यांचाही. त्यात गैर काहीच नाही. माणसाची झोप उडाली, बोलणं कमी झालं, ताटातलं उरायला लागलं, की ते आधी घरच्यांनाच दिसतं. पण त्याच फोनवर पुढे हमखास एक वाक्य येतं: "मॅडम, खरं सांगितलं तर तो येणारच नाही. आम्ही काहीतरी सांगून घेऊन येतो. एकदा तुम्ही बोललात की ऐकेल."

कृपया असं करू नका. का, ते थोडं सविस्तर सांगते, कारण यात तुमचा वेळ आणि पैसा सगळ्यात जास्त वाया जातो.

दोन-तीन घरांतलं एकत्र करून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून एक उदाहरण देते. विशीतला मुलगा, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, परीक्षेला बसायचं थांबलेला. घरात त्याला सांगितलं, मामाच्या ओळखीचे करिअर गाइडन्सवाले आहेत. गडहिंग्लजहून सकाळच्या एसटीनं तिघं कोल्हापुरात आले. आईच्या मांडीवर एमआरआयच्या फिल्मची मोठी पिशवी, कारण डोक्याचं दुखणं म्हणजे फिल्म लागणारच असं तिला वाटलेलं. मुलगा आत आला, खुर्चीच्या अगदी टोकावर बसला, पाठीवरची सॅक त्यानं काढलीच नाही. भिंतीवरचं माझं प्रमाणपत्र वाचलं आणि दाराकडे बघितलं. मी त्याला हे ठिकाण कसलं आहे ते सरळ सांगितलं. त्यानंतरचा सगळा वेळ तो एकच म्हणत राहिला, "म्हणजे घरी सगळ्यांना वाटतं, मी वेडा झालोय."

त्या दिवशी परीक्षेबद्दल एक अक्षर निघालं नाही. पुढची दोन सेशन्सही आईवडिलांनी खोटं का सांगितलं यावरच गेली. कॉलेजात नेमकं काय झालं होतं, ते चौथ्या भेटीत कळलं. आणि हा मुलगा निदान परत आला. अशा पद्धतीनं आणलेली पुष्कळ माणसं पुन्हा येत नाहीत, आणि वर्षभरानं खरोखर गरज पडते तेव्हा दुसऱ्या कुणाकडेही जायला तयार होत नाहीत. त्यांच्या मनात मानसोपचार आणि फसवणूक यांची गाठ बसलेली असते. ती सोडवायला फार वेळ लागतो.

"पण डॉक्टर तरी कुठे विचारतात? ताप आला की उचलून नेतोच की," असं एका काकांनी मला विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. तापाची गोळी पेशंटचा विश्वास असो वा नसो, पोटात गेली की काम करते. आमच्याकडे गोळी नाही. मी सायकॉलॉजिस्ट आहे. औषधं लिहून देण्याचा अधिकार सायकियाट्रिस्टना असतो, मला नाही. माझ्या हातात आहे ते बोलणं, त्या बोलण्यातून विचारांची आणि वागण्याची सवय तपासणं, आणि घरी करायचा सराव. यातलं काहीच समोरच्याच्या सहभागाशिवाय होत नाही. एडवर्ड बोर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की उपचारातलं नातं तीन गोष्टींवर उभं असतं: कुठे पोहोचायचं यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपसातला विश्वास. करिअर गाइडन्स समजून आलेल्या मुलाच्या बाबतीत पहिल्या मिनिटाला यातलं एकही नसतं. आम्ही शून्याच्याही खालून सुरुवात करतो.

म्हणूनच वेळ देताना आमच्या रिसेप्शनवरच्या ताई एक प्रश्न विचारतात: "ज्यांच्यासाठी वेळ घेताय, त्यांना माहीत आहे का?" काहींना या प्रश्नाचा राग येतो. फी द्यायला तयार असताना वरून चौकशी कशाला, असं वाटतं. पण हा प्रश्न मी ठरवून ठेवलेला आहे आणि तो काढणार नाही.

मग सांगायचं कसं?

बहुतेक घरांत खरी अडचण इथे असते. सांगायची इच्छा असते, शब्द सुचत नाहीत. दोन गोष्टी टाळा. एक, भांडणात सांगू नका. "तुला आता डोक्याच्या डॉक्टरकडेच न्यायला पाहिजे," असं एकदा बोललं गेलं की त्यानंतर कितीही प्रेमानं सांगा, ती शिक्षाच वाटते. दुसरं, सगळ्यांनी मिळून घेरू नका. आत्या, काका, शेजारचे गुरुजी अशी बैठक बसली की माणूस आणखी आत ओढला जातो. ज्याचं त्याच्याशी जमतं अशा एकानंच, शांत वेळी, बोलावं. स्वयंपाकघरात भाजी निवडताना किंवा गाडीवरून जाताना हे बोलणं जास्त सोपं जातं. समोरासमोर बसवून केलेल्या चौकशीसारखं ते वाटत नाही.

शब्द साधारण असे ठेवा: "महिनाभर तू रात्री दोन-तीनपर्यंत जागा असतोस, जेवत नाहीस, हे मला दिसतंय. मला काळजी वाटते. कोल्हापुरात एक सायकॉलॉजिस्ट आहेत, त्यांच्याशी एकदा बोलून बघ. मी सोबत येईन, बाहेर बसेन. तू आत काय बोललास ते विचारणार नाही. पटलं नाही तर पुन्हा जाऊ नकोस."

यात जे डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगितलं आहे. "तुला डिप्रेशन आहे" असं निदान घरी करू नका. आणि शेवटची दोन वाक्यं म्हणाल तर ती पाळा. एकदा भेटून नको म्हणाला, तर महिनाभर तो विषय काढू नका. आमच्या अनुभवात असा मोकळा सोडलेला माणूस स्वतःहून फोन करण्याची शक्यता खूप जास्त असते.

तरीही नाहीच म्हणाला तर?

तर तुम्ही या. हे पुष्कळांना माहीतच नसतं. ज्याला त्रास आहे तो आला नाही तरी घरच्यांचं काम सुरू करता येतं, आणि ते दुय्यम काम नव्हे. दारूच्या बाबतीत यावर चांगला अभ्यास झालेला आहे. रॉबर्ट मायर्स यांनी अमेरिकेत घरच्यांसाठी ‘क्राफ्ट’ नावाची प्रशिक्षणपद्धत बसवली. त्यात पिणाऱ्याला बोलावतच नाहीत. त्याच्या बायकोला, आईला, भावाला शिकवतात: तो शुद्धीत असेल तेव्हा त्याच्याशी वेळ कसा घालवायचा, प्यायल्यावर त्याचं निस्तरणं कसं थांबवायचं, उपचाराची गोष्ट कोणत्या क्षणी काढायची, आणि या सगळ्यात स्वतःला कसं सांभाळायचं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत ही पद्धत शिकलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांची माणसं उपचाराला आली. सगळ्यांनी मिळून पिणाऱ्याला एकदम सामोरं जाण्याची पद्धत ज्यांना शिकवली, त्यांच्यात हेच प्रमाण ३० टक्के होतं, मुख्यतः बहुतेक कुटुंबांना तो सामना प्रत्यक्षात करवलाच नाही म्हणून. अमेरिकेतलं चित्र जसंच्या तसं आपल्याकडे लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण इचलकरंजीच्या असोत की निपाणीच्या, नवऱ्याच्या कपाटातल्या बाटल्या ओतून ओतून थकलेल्या बायकांना हे सगळं ऐकल्यावर पहिल्यांदा काहीतरी करण्यासारखं हाती लागतं, हे मी रोज बघते.

घरच्यांसाठीची ही सेशन्स आमच्याकडे वेगळी असतात. सहसा तीन-चार भेटींत वागण्याची एक निश्चित दिशा ठरते. फोनवर ‘कुटुंबीयांसाठी वेळ हवी’ एवढं म्हटलं तरी पुरे.

"त्याला सांगू नका, पण..."

ही आमची दुसरी रोजची अडचण. सेशनच्या आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर लांबलचक मेसेज येतो, कधी सात-आठ मिनिटांचा व्हॉइस मेसेज. त्यात सगळं असतं: ती मुलगी कोण, पैसे कुठे गेले, मोबाईलमध्ये काय सापडलं. आणि शेवटी, मी सांगितलं म्हणून कळू देऊ नका.

आमचा नियम असा आहे की प्रौढ व्यक्तीबद्दल तुम्ही मला जे कळवाल, ते मी त्यांना सांगू शकते, आणि बहुतेक वेळा सांगतेच. मला माहीत असलेली गोष्ट माहीत नसल्यासारखं दाखवत मी कुणाशी मोकळेपणानं बोलू शकत नाही, आणि समोरच्याला ते लगेच जाणवतं. तेव्हा लिहायचं तर त्यांना दाखवता येईल असं लिहा. त्याहून चांगलं म्हणजे पहिल्या भेटीतली शेवटची पंधरा मिनिटं त्यांच्या परवानगीनं तुम्ही आत या आणि त्यांच्यासमोर बोला.

उलट बाजूनं, आत काय झालं ते मी तुम्हाला सांगत नाही. फी तुम्ही भरता, गाडीही तुम्ही चालवत आणता, त्यामुळे हे अवघड वाटतं, मला कळतं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं कलम २३ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तिच्या आजाराची आणि उपचारांची गोपनीयता हक्क म्हणून देतं. कायदा नसता तरी मी हेच केलं असतं, कारण आतलं बाहेर गेलं की आत बोलणंच थांबतं. अपवाद आहेत आणि ते मी पहिल्याच भेटीत सांगते: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजणं. शेवटच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, तरी मुलाला सांगून आणायचं हा नियम तिथेही आहे. सात वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं: "तुला शाळेत जाताना पोटात दुखतं ना, त्याबद्दल बोलायला एका मावशींकडे जायचंय. तिथे सुई नाही, औषध नाही. चित्रं काढायची, बोलायचं."

वाट बघायची नाही अशा वेळा

हे सगळं पत्रक एका प्रसंगात बाजूला ठेवा. कुणी मरणाची भाषा बोलत असेल, तशी तयारी करताना दिसलं असेल, नसलेले आवाज ऐकू येऊन त्या आवाजांचं ऐकायला लागलं असेल, दिवसच्या दिवस जेवण-झोप पूर्ण बंद असेल किंवा अंगावर धावून जात असेल, तर आमच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. थेट सायकियाट्रिस्टकडे किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्या. आमच्याकडे दाखल करून घेण्याची सोय नाही. काय करावं सुचत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. त्या माणसाला एकटं सोडू नका.

पण अशा वेळीसुद्धा "जोतिबाला जाऊन येऊ" म्हणून गाडीत बसवून दवाखान्यापाशी उतरवू नका. हॉस्पिटलमध्ये शिकत असताना मी असे पेशंट पाहिले आहेत. ते बरे होऊन घरी गेले, तरी घरच्यांनी हातावर ठेवलेली गोळी घ्यायला कचरत. "आपण दवाखान्यात जातोय, मी तुझ्याबरोबर राहणार आहे," एवढं खरं सांगायला जास्त वेळ लागत नाही.

फी आणि आमच्याबद्दल थोडं

पहिली भेट सव्वा तासाची, पुढच्या पन्नास मिनिटांच्या. मी दिवसाला मोजकीच सेशन्स घेते, कारण प्रत्येक भेटीनंतर नोंदी लिहाव्या लागतात आणि पुढच्या माणसाकडे पूर्ण लक्ष द्यायचं असतं. त्यामुळे वेळ मिळायला कधी आठ-दहा दिवस लागतात. निमित्त सांगून आणलेली व्यक्ती दहाव्या मिनिटाला उठून गेली तरी त्या भेटीची फी पूर्ण आकारली जाते, कारण तो वेळ दुसऱ्या कुणाला दिलेला नसतो. हे कटू वाटू नये म्हणून आधीच सांगते.

तुम्ही कुठेही जा, एक खात्री जरूर करून घ्या. चिकित्सा मानसशास्त्रातलं मान्यताप्राप्त शिक्षण घेतलेल्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. माझा क्रमांक दारातून आत आल्यावर डाव्या हाताला लावलेला आहे. एम.ए. नंतरच्या दोन वर्षांच्या एम.फिल.मध्ये रोज वॉर्डात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करून मगच मला ही नोंदणी मिळाली. औषधांची गरज दिसली तर मी स्वतः सायकियाट्रिस्टकडे पाठवते, आणि दोन्ही उपचार बरोबरीनं चालतात.

पहिल्या भेटीला येताना जुने रिपोर्ट असतील तर आणा, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणा (नावं आठवण्यापेक्षा पट्टी बरी), मुलांच्या बाबतीत शाळेची वहीही चालते. एमआरआय मुद्दाम काढून आणायची गरज नाही. सोबत एकच माणूस असू द्या, बाहेर बसायला जागा थोडी आहे. वेळ बदलायची असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत कळवा, म्हणजे फी लागणार नाही. आणि शक्य असेल तर वेळ ठरवणारा तो फोन ज्याला यायचं आहे त्यालाच करू द्या. नंबर फिरवून देऊन तुम्ही शेजारी बसलात तरी चालेल.