बॉक्सिंग जिम आणि जागेचं भाडं: ब्रुकलिनच्या ग्लीसन्स जिमची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या डम्बो या एरियात गेलेला प्रत्येक जण तोच एक फोटो काढतो. वॉशिंग्टन स्ट्रीटच्या मधोमध उभं राहायचं, दोन्हीकडे लाल विटांच्या जुन्या बिल्डिंगी, समोर मॅनहॅटन ब्रिजचा निळसर खांब आणि त्याच्या कमानीत बारीकशी एम्पायर स्टेट. मीपण काढला, जर्सी सिटीतला मावसभाऊ मागून गाडी येतेय म्हणून ओरडत होता तरी काढला. पण मला खरं बघायची होती ती तिथून चालत काही मिनिटांवर असलेली बॉक्सिंग जिम, ग्लीसन्स. अमेरिकेतल्या चालू असलेल्या सगळ्यात जुन्या बॉक्सिंग जिमपैकी एक. आणि डोक्यात प्रश्न हा की इतक्या महाग एरियात, जिथं कॉफी घ्यायची तरी आधी बोर्डावरचा भाव बघावा लागतो, तिथं घामट पोरांची ही जिम आली कशी आणि टिकली कशी.

याचं उत्तर शोधायला बसलं की बॉक्सिंग बाजूला राहतं आणि भाड्याचाच इतिहास हातात येतो.

मुळात बॉक्सिंग जिमला लागतं काय तर मोठा मोकळा मजला, उंच छत, हेवी बॅगचं वजन पेलेल असा मजबूत सांगाडा, आणि दिवसभर घंटी वाजली, दोऱ्या आपटल्या तरी तक्रार करायला शेजारी नको. हे सगळं वर स्वस्तात पाहिजे, कारण येणारी पोरं गरीब. म्हणजे ज्या जागेला दुसरं कुणी विचारत नाही तीच जागा. आपल्याकडची तालीम कशी गावाच्या किंवा मंडळाच्या जागेवर असते, वस्तादाला भाड्याची चिंता नसते (निदान पूर्वी नसायची), तसा प्रकार तिथं बहुतेक ठिकाणी नव्हता. जिम म्हणजे धंदा, आणि धंदा भाड्याच्या जागेत.

ग्लीसन्स सुरू झाली १९३७ साली, ब्रुकलिनमध्ये नाही तर न्यूयॉर्कच्याच ब्रॉन्क्स भागात. काढणारा माणूस इटालियन, पीटर गाग्लियार्डी, स्वतः जुना बॉक्सर. त्यानं नाव बदलून बॉबी ग्लीसन केलं, कारण त्या काळी बॉक्सिंग म्हणजे आयरिश लोकांचा खेळ अशी समजूत होती आणि गिऱ्हाईक आयरिश नावाला यायचं. जिमच्याच सांगण्यानुसार महिन्याची फी दोन डॉलर, जागेचं भाडं पन्नास डॉलर, आणि दोन्हीचा मेळ बसेना म्हणून ग्लीसन रात्री टॅक्सी चालवायचा. नाव बदलायची ही काय त्याच्या एकट्याची युक्ती नव्हती, १९३२ साली हेवीवेट चॅम्पियन झालेला जॅक शार्की जन्मानं लिथुआनियन घरातला होता, नाव मात्र पक्कं आयरिश.

यात एक क्रम दिसतो. आधी आयरिश, मग ज्यू आणि इटालियन, मग काळे, मग पोर्टो रिकन आणि मेक्सिकन. शहरात शेवटी आलेला किंवा तळाला दाबून ठेवलेला जो असेल त्याची पोरं रिंगमध्ये. विसाव्या आणि तिसाव्या दशकात बेनी लेनर्ड, बार्नी रॉस असे ज्यू चॅम्पियन होते हे आज सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही, कारण त्यांची पुढची पिढी शिकली, धंद्यात गेली आणि मार खायचं काम दुसऱ्यांकडे आलं.

पण काळ्यांच्या बाबतीत हा क्रम सरळ चालला नाही. त्यांना रिंगमध्ये यायला बंदी नव्हती, वर चढायला होती. जॉन एल. सलिव्हनसारखा चॅम्पियन उघड म्हणायचा की मी काळ्याशी लढणार नाही. जॅक जॉन्सन १९०८ साली पहिला काळा हेवीवेट चॅम्पियन झाला तोसुद्धा अमेरिकेत नाही, ऑस्ट्रेलियात सिडनीला जाऊन. १९१० च्या ४ जुलैला रेनोमध्ये त्यानं जिम जेफ्रीजला हरवलं तर अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत दंगली झाल्या, माणसं मेली. त्यानंतर एखाद्या काळ्याला ते पद मिळायला १९३७ उजाडलं, जो लुईस, शिकागोत, जिमी ब्रॅडॉकला हरवून. म्हणजे ज्या वर्षी एका इटालियनानं आयरिश नाव घेऊन ब्रॉन्क्समध्ये जिम उघडली त्याच वर्षी.

आणि त्याच सुमारास, १९३५ नंतरच्या काही वर्षांत, सरकारी गृहकर्जाच्या एका संस्थेनं अमेरिकेतल्या मोठ्या शहरांचे नकाशे रंगवले. जिथं कर्ज देणं धोक्याचं तो भाग लाल. धोका कशावरून ठरवला तर घरं किती जुनी, लोक किती कमावतात, आणि मुख्य म्हणजे काळे किंवा परके लोक राहतात का. यालाच रेडलायनिंग म्हणतात. युद्धानंतर आयरिश, इटालियन, ज्यू कुटुंबांना सरकारी हमीचं कर्ज मिळालं, ती उपनगरात घरं घेऊन निघून गेली. काळ्यांना ते कर्ज जवळपास मिळालंच नाही. ते आणि पोर्टो रिकन मागे राहिले, त्यात न्यूयॉर्कचे रस्ते-पूल बांधणारा सरकारी अधिकारी रॉबर्ट मोझेस यानं क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवे हा हायवे वस्त्यांच्या पोटातून काढला, आणि सत्तरच्या दशकात साउथ ब्रॉन्क्समध्ये बिल्डिंगांमागून बिल्डिंगा जळायला लागल्या, काही तर विम्याच्या पैशासाठी मालकांनीच पेटवून दिलेल्या. जेक लामोटा हा बॉक्सर ज्या ब्रॉन्क्समधून वर आला ते ब्रॉन्क्स असं दोन-तीन दशकांत ओळखू येईनासं झालं.

ग्लीसन्सनं १९७४ मध्ये तिथून मुक्काम हलवला आणि मॅनहॅटनला, मॅडिसन स्क्वेअर गार्डन या मोठ्या लढतींच्या स्टेडियमजवळ गेली. मॅनहॅटनमध्ये तेव्हा स्टिलमन्स जिम संपून पंधरा वर्षं झाली होती. आठव्या ॲव्हेन्यूवरची ही स्टिलमन्स म्हणजे एका काळी जगातली सगळ्यात नावाजलेली जिम, १९५९ ला विकली गेली आणि त्या जागी अपार्टमेंटची बिल्डिंग उभी राहिली. तेव्हा जेंट्रिफिकेशन (म्हणजे गरीब वस्तीत पैसेवाले येतात, भाव वाढतात आणि जुने लोक बाहेर पडतात) हा शब्दसुद्धा जन्माला आला नव्हता, तो १९६४ साली लंडनमध्ये रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी वापरला. शब्द नंतर आला, प्रकार आधीच चालू होता. मॅनहॅटनमधली ग्लीसन्सची जागापण दहा-एक वर्षंच टिकली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जिम नदी ओलांडून ब्रुकलिनच्या फ्रंट स्ट्रीटवर आली. तोवर बॉबी ग्लीसन वारला होता आणि कारभार नव्या मालकांकडे होता, त्यातले ब्रूस सिल्व्हरग्लेड हे नाव पुढं जिमशी कायमचं जोडलं गेलं.

आता डम्बो. हे नाव डिस्नेच्या हत्तीचं नाही, मॅनहॅटन ब्रिजच्या खालचा भाग अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथल्या रिकाम्या गोदामांत राहणाऱ्या चित्रकार मंडळींनी ते ठेवलं, आणि असं सांगतात की मुद्दाम बावळट नाव ठेवलं म्हणजे बिल्डर फिरकणार नाहीत. फिरकले की. त्याआधी हा भाग रॉबर्ट गेअर या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखानदाराचा, त्याच्या काँक्रीटच्या भक्कम बिल्डिंगी अजून आहेत. कारखाने गेले, बाजूचं नेव्ही यार्ड, म्हणजे नौदलाची गोदी, १९६६ ला बंद पडलं, आणि मजलेच्या मजले ओस.

डेव्हिड वॉलेंटस या बिल्डरनं १९८१ साली तिथं सुमारे वीस लाख चौरस फूट जागा एक कोटी वीस लाख डॉलरला घेतली. म्हणजे फुटाला सहा डॉलर, हिशोब करून बघा. पण रहिवासी फ्लॅट बांधायला झोनिंग, म्हणजे जागा कशासाठी वापरायची याचा सरकारी नियम, बदलावं लागणार होतं, त्याला १९९८ पर्यंत थांबावं लागलं. मधल्या काळात जागा रिकामी ठेवण्यापेक्षा चित्रकारांना, छोट्या धंद्यांना स्वस्तात द्यायची, चॉकलेटवाल्यासारखे दुकानदार हाताला धरून आणायचे, साखळी दुकानांना नाही म्हणायचं, म्हणजे एरियाला एक चव येते. बॉक्सिंग जिम या चवीत मस्त बसते. माझं तर मत आहे की जिम तिथं इतकी वर्षं राहिली त्यात भाडेकरूचं नशीब होतं तसा मालकाचा हिशोबपण होता, यात वाईट काही नाही, पण हा हिशोब होता हे धरूनच पुढचं बघायला पाहिजे. पुढं १९९८ नंतर घड्याळाच्या मनोऱ्याची बिल्डिंग फ्लॅटमध्ये बदलली आणि त्या मनोऱ्यातला एकच फ्लॅट २०१७ मध्ये दीड कोटी डॉलरला गेला. महागाईचा फरक धरायचा तो धरा, पण १९८१ ला अख्ख्या भागासाठी दिले त्याहून जास्त आकडा एका घराला.

जिमनं या काळात जे केलं ते मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. व्यावसायिक बॉक्सरच्या फीवर एवढं भाडं निघणं शक्यच नव्हतं, मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इथं व्हाइट कॉलर बॉक्सिंग सुरू झालं, म्हणजे वकील, डॉक्टर, वॉल स्ट्रीटवाले यांच्या आपापसातल्या लढती, डोक्याला हेडगिअर, मोठे ग्लोव्ह्ज, आणि शेवटी दोघांचेही हात वर. बायकांनाही जिमनं बऱ्याच जणांच्या आधी आत घेतलं, न्यूयॉर्कच्या गोल्डन ग्लोव्ह्ज स्पर्धेत बायकांना १९९५ ला प्रवेश मिळाला. आणि ट्रेनर लोक जिमच्या पगारावर नाहीत, स्वतंत्र. ज्याचं त्याचं गिऱ्हाईक, ज्याची त्याची फी.

म्हणजे चित्र कसं, तर माजी बॉक्सर, बहुतेक काळा किंवा लॅटिनो, हातात पॅड धरून उभा आणि समोर पॅडवर ठोसे मारणारा गोरा बँकर, दर तासाचे पैसे मोजणारा. घंटी सगळ्यांना एकच, तीन मिनिटं राउंड, एक मिनिट विश्रांती, कुणी लढत असो नसो ती दिवसभर वाजतच राहते, आणि वाजली की हेज फंडवाला आणि कुरियरवाला दोघंही एकदम थांबतात, धापा टाकतात, पाणी पितात. लोक म्हणतात बघा जिममध्ये कसे सगळे समान. त्या एका मिनिटापुरतं खरंय. पण घरी जाताना एक पाच मिनिटं चालतो आणि दुसरा सबवेनं तासभर. तरी बँकरला हसण्यात अर्थ नाही, त्याच्या पैशावर तर जिमचं शटर उघडं राहिलं आणि गरीब पोरांसाठीचा फुकट ट्रेनिंगचा उपक्रमही चालला. स्टिलमन्सला असे बँकर मिळाले नव्हते.

डम्बोला लागूनच फॅरागट हाउसेस आहेत, १९५२ च्या सरकारी घरांच्या दहा बिल्डिंगी, मुळात नेव्ही यार्डचे कामगार वगैरे राहायचे, नंतर राहिले ते जवळपास सगळे काळे आणि लॅटिनो, यार्ड बंद झाल्यावर काम गेलेले. दोन वस्त्यांमध्ये अंतर काही रस्त्यांचं. २०१५ मध्ये शाळेवरून भांडण पेटलं. डम्बोची पोरं ब्रुकलिन हाइट्समधल्या पीएस ८ ला जायची, बहुतांश गोरी शाळा, वर्ग ओसंडून वाहत होते. तर त्यांना फॅरागटच्या पोरांच्या पीएस ३०७ मध्ये घालायचं ठरलं. डम्बोचे पालक म्हणाले तिथले परीक्षेचे मार्क बघा, आणि फॅरागटचे पालक म्हणाले आमची शाळा आम्ही कष्टानं उभी केली, आता हे येतील आणि ती त्यांचीच होऊन जाईल. दुसरी भीती मला जास्त शहाणी वाटते. २०१६ च्या जानेवारीत बदल मंजूर झाला.

इतर शहरांत जिमना असे पैसेवाले मिळाले नाहीत, किंवा मिळाले ते वेगळ्या तऱ्हेनं. फिलाडेल्फियात जो फ्रेझर या बॉक्सरला सुरुवातीला तिथल्या धंदेवाल्यांच्या क्लोव्हरले नावाच्या कंपनीनं पोसलं, चक्क शेअर काढून. कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, याच्या मागंही १९६० मध्ये लुइव्हिलचे अकरा गोरे श्रीमंत होते. हाच क्ले मायामी बीचच्या फिफ्थ स्ट्रीट जिममध्ये सराव करायचा पण तिथं राहू शकत नव्हता, राहायचा खाडीपलीकडे ओव्हरटाउन या काळ्या वस्तीत, आणि पुलावरून पळत जिमला यायचा तर पोलिसांनी अडवून हा कोण म्हणून विचारलं होतं. पुढं ओव्हरटाउनच्या पोटातून हायवे गेला, जिम १९९३ ला पाडली. फ्रेझरची नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवरची जिम तर फर्निचरचं दुकान झाली.

डेट्रॉइटची क्रोंक जिम, थॉमस हर्न्स या बॉक्सरची, तिचं नाव एका पोलिश नगरसेवकाचं आणि तळघरात घाम गाळणारी पोरं काळी, त्यावरूनच वस्ती कशी पालटली कळतं. तिथं भाव वाढले म्हणून नाही, महापालिकेकडे पैसा उरला नाही म्हणून २००६ ला टाळं लागलं. आणि शिकागोच्या वुडलॉनमध्ये ६३ व्या रस्त्यावरच्या बॉइज क्लबची जिम, जिथं लोइक वाकाँ हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ १९८८ पासून तीनेक वर्षं स्वतः ग्लोव्ह्ज घालून शिकला, तीपण नंतर संपली. वुडलॉन म्हणजे शिकागो विद्यापीठाच्या अगदी कुंपणाला लागून, आधी काळ्यांना घर द्यायचं नाही अशा करारांनी त्यांना बाहेर ठेवलेला, मग काळ्यांचा झालेला आणि मग ओसाड पडलेला भाग. पुढं शेजारच्या पार्कात ओबामा सेंटर उभं करायचं ठरलं आणि लगेच घरभाड्याची धास्ती, इतकी की २०२० मध्ये महापालिकेला वुडलॉनच्या जुन्या रहिवाशांसाठी वेगळा नियम करावा लागला.

ग्लीसन्सनं २०१६ च्या अखेरीस पुन्हा जागा बदलली, यावेळी एरिया नाही, फक्त कोपरा. फ्रंट स्ट्रीटवरून वॉटर स्ट्रीट. जुनी जागा वरच्या मजल्यावर होती, जिना चढून जायचं, आत काय चाललंय ते खालून कळायचं नाही. नवी रस्त्याच्या पातळीला. आम्ही गेलो तेव्हा बाहेर एक जोडपं स्ट्रॉलर घेऊन उभं होतं आणि आतल्या घंटीला त्यांचं बाळ दचकत होतं. मावसभावानं दारावर लावलेलं फीचं कार्ड वाचलं आणि म्हणाला, चल, आधी ती कॉफीच घेऊ.