ग्लुकोराफॅनिन आणि सल्फोराफेन: भाजीत एक, पेशीत दुसरं

‘ब्रोकोलीत सल्फोराफेन भरपूर असतं’ हे वाक्य इतक्या ठिकाणी छापून येतं, की ते चूक आहे असं म्हणायला संकोच वाटतो. पण न चिरलेल्या ब्रोकोलीत सल्फोराफेन जवळपास नसतंच. तिच्यात असतं ग्लुकोराफॅनिन.

ग्लुकोराफॅनिन म्हणजे साखर जोडलेला, गंधक असलेला रेणू. स्थिर, पाण्यात सहज विरघळणारा, आणि आपल्या पेशींच्या लेखी निष्क्रिय. त्याला तोडणारं मायरोसिनेज हे एन्झाइम त्याच भाजीत, पण वेगळ्या पेशींत असतं. अळीने पान कुरतडलं, सुरी फिरली किंवा तुरा दाताखाली आला की पेशी फुटतात, दोघांची गाठ पडते आणि सल्फोराफेन तयार होतं. मुळात ही वनस्पतीने किड्यांसाठी केलेली तजवीज. मोहरीचा झणका त्याच जातीचा.

पेशीत काम करतं ते सल्फोराफेन. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टलाले यांच्या गटाने १९९२ साली ब्रोकोलीतून ते वेगळं काढून दाखवलं. धुरातलं बेंझोपायरीन हे कॅन्सरकारक रसायन जसंच्या तसं डीएनएला चिकटत नाही. आपल्याच शरीरातली पहिल्या टप्प्याची एन्झाइम्स त्याला तसं आक्रमक रूप देतात. मग दुसऱ्या टप्प्याची एन्झाइम्स त्यावर ग्लुटाथायोन हा शरीरातलाच छोटा रेणू बसवून त्याला बाहेर घालवतात. सल्फोराफेन या दुसऱ्या टप्प्याला जोर देतं. कीप-१ नावाचं प्रथिन एरवी एनआरएफ-२ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला डोकं वर काढू देत नाही. सल्फोराफेन कीप-१ ला चिकटलं की एनआरएफ-२ केंद्रकात पोचतं आणि ही एन्झाइम्स बनवणारी जनुकं चालू करतं. त्यामुळे सल्फोराफेनला सरधोपट ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणणं मला पटत नाही. ते स्वतः लढत नाही, कामाला लावतं.

चीनमधल्या छिदोंग भागात २९१ जणांवर १२ आठवडे प्रयोग झाला. ब्रोकोलीच्या अंकुरांचं पेय घेणाऱ्यांच्या लघवीतून ग्लुटाथायोनशी जोडलं गेलेलं बेंझिन (प्रदूषित हवेतलं एक विष) बाकीच्यांपेक्षा ६१ टक्के जास्त बाहेर पडलं. विष निघून गेलं, हे यातून कळतं. कॅन्सर टळला, हे नाही.

दोन नावांतला फरक पोटात किती मोठा ठरतो तेही छिदोंगमध्येच दिसलं होतं. आधीच्या एका चाचणीत तयार सल्फोराफेनचं पेय दिल्यावर सुमारे ७० टक्के अंश लघवीत सापडला. ग्लुकोराफॅनिनच्या पेयातून जेमतेम ५ टक्के. मायरोसिनेज नसेल तर रूपांतराचं काम आतड्यातल्या जिवाणूंवर पडतं, आणि ते प्रत्येकाचे वेगळे.

भाजी खळाखळा उकळली तर मायरोसिनेज मरतं आणि ग्लुकोराफॅनिनही पाण्यात उतरतं. मग कच्चीच खावी? तसंही नाही. कच्च्या ब्रोकोलीतलं आणखी एक प्रथिन बराचसा माल निरुपयोगी नायट्राइलकडे वळवतं. ६० अंशांच्या आसपासच्या उष्णतेने ते निकामी होतं, मायरोसिनेज मात्र तगतं. म्हणजे हलकी वाफ बरी. आणि जास्त शिजलीच, तर वरून मोहरीची पूड टाकावी. तिच्यातलं मायरोसिनेज चिवट असतं आणि उरलेल्या ग्लुकोराफॅनिनवर काम करतं.

तीन दिवसांच्या अंकुरांत मोठ्या ब्रोकोलीच्या १० ते १०० पट, असं म्हणतात तेही ग्लुकोराफॅनिनबद्दल. कॅप्सूलच्या डबीवर तेवढंच नाव दिसलं, तर शेजारी मायरोसिनेज लिहिलंय का ते बघावं.